मुलूख-ए-मैदान ते रोबो-क्रेन : लष्कराचे ओझे, आपला धंदा

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दुकानासाठी एक जुना जनरेटर घेतला. वजन आठ-नऊ क्विंटल. ट्रकमधून उतरवण्यासाठी सुप्याहून हायड्रा मागवली. हायड्रावाल्याकडे धड पट्टा नव्हता. माझ्या गोदामात एक जुना पडलेला होता, तो मीच काढून दिला. त्यावरची चिठ्ठी केव्हाच निघून गेली होती. पट्टा किती वजनाचा आहे हे ना त्याने विचारले, ना मी सांगितले. जनरेटर हातभर उचलला गेला आणि लोखंडी फ्रेमच्या धारेवर पट्टा कापला गेला. खाली हात लावून उभ्या असलेल्या आमच्या हमाल चाचांची दोन बोटे गेली. दवाखान्यात ते मला एवढेच म्हणाले, "शेठ, कपडा तर तुम्ही हात लावून ओळखता. हा पट्टाही कपडाच होता की!"

ते वाक्य मनाला लागले. तीस वर्षे मी ताग्याचा पोत बोटाने ओळखतो. उभा धागा कमकुवत की आडवा, हे न उसवता सांगतो. पण माणसाच्या डोक्यावर टांगायच्या विणलेल्या पट्ट्याकडे मी कधी पाहिले नव्हते. तेव्हापासून अवजड माल उचलण्याचे तंत्र या विषयाचा नाद लागला. वाचता वाचता ध्यानात आले की, या तंत्रातली आज सर्वांत वेगाने पुढे जाणारी शाखा म्हणजे लष्कराचा दारूगोळा व सामान हलवणाऱ्या रोबो-क्रेनची. आणि त्या धंद्याचा एक धागा आपल्या पारनेर-नगरच्या अंगणातून जातो. व्यापारी बांधवांनी व विशेषतः तरुणांनी हा विषय समजून घ्यावा, म्हणून हा लेख.

नगरचीच तोफ, नगरचाच प्रश्न

अवजड युद्धसामग्री हलवायची कशी, हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही. विजापूरच्या बुरुजावर असलेली प्रसिद्ध तोफ मुलूख-ए-मैदान ही मूळची नगरची. निजामशाहीच्या काळात 1549 साली महंमद बिन हसन रूमी या कारागिराने ती नगरला ओतली. वजन सुमारे 55 टन. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि 1632 च्या सुमारास तेथून विजापूरला नेली गेली. ती ओढण्यासाठी दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे लागली, असे सांगतात. तिच्या जोडीची कडक बिजली नावाची तोफ भीमा ओलांडताना नदीत बुडाली, अशीही आख्यायिका आहे.

यातला व्यापारी धडा सरळ आहे. तोफ ओतणारा कारागीर जगात एक नंबरचा होता, परंतु तोफ हलवण्याची सोय बैलांचीच होती. माल कितीही उत्तम असला तरी वेळेवर जागेवर पोहोचला नाही तर त्याची किंमत शून्य. सणाच्या दुसऱ्या दिवशी आलेल्या कापडाच्या गाठीचे काय होते, हे कापडवाल्याला वेगळे सांगायला नको. लष्कराच्या बाबतीत फरक एवढाच की, तेथे नुकसान रुपयांत नव्हे, जिवांत मोजावे लागते.

आजचे ओझे किती?

आज लष्करात 155 मि.मी. व्यासाच्या तोफा मुख्य मानल्या जातात. त्यांच्या एका गोळ्याचे वजन साधारण 43 ते 47 किलो, म्हणजे जवळपास सिमेंटच्या गोणीएवढे. युक्रेनच्या युद्धात दोन्ही बाजूंनी मिळून रोज हजारो गोळे झाडले गेले. यातला प्रत्येक गोळा कारखान्यातून गोदामात, गोदामातून रेल्वेत, रेल्वेतून ट्रकमध्ये, ट्रकमधून तोफेपाशी असा चार-पाच वेळा तरी उचलला जातो. म्हणजे लढाईच्या आधी खरी लढाई हमालीचीच असते.

आपल्या देशातले उदाहरण पिनाक रॉकेट यंत्रणेचे. ती पुण्याच्या पाषाण येथील एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली आणि 1999 च्या कारगिल युद्धात वापरली गेली. एका गाडीवर सहा-सहा रॉकेटांचे दोन संच, म्हणजे 12 रॉकेटे असतात. ती 44 सेकंदांत सुटतात. एका रॉकेटचे वजन सुमारे पावणेतीनशे किलो. सहा रॉकेटांचेच दीड टनाच्या वर जाते. आता 44 सेकंदांत रिकामी झालेली गाडी पुन्हा भरायची कशी? माणसांनी खांद्यावर भरायची म्हटले तर शत्रू तोवर थांबणार नाही. म्हणून पिनाकच्या ताफ्यात मारा करणाऱ्या गाडीबरोबर भरणी करणारी गाडी ठेवलेली असते आणि तिच्यावर क्रेन बसवलेली असते. सबंध संच उचलायचा, जागेवर बसवायचा आणि तेथून निघून जायचे. एकेक रॉकेट नव्हे, सहांचा गठ्ठा. कापडाच्या भाषेत, तागे मोजत बसायचे नाही, गाठच हलवायची.

दक्षिण कोरियाने याच्या पुढचे पाऊल टाकले. त्यांची के-9 ही स्वयंचलित तोफ आपल्याकडे वज्र या नावाने गुजरातेत हजिरा येथे लार्सन अँड टुब्रोने बनवली. 100 तोफांचा पहिला करार 2017 सालचा व दुसऱ्या 100 तोफांचा डिसेंबर 2024 चा. कोरियात या तोफेची जोडीदार म्हणून के-10 नावाची पुरवठा गाडी आहे. तिच्या पोटात 104 गोळे राहतात. ती तोफेच्या मागे येऊन उभी राहते, एक लोखंडी हात पुढे करते आणि आतल्या आत गोळे सरकवते. वेग मिनिटाला 12 गोळ्यांपर्यंत. तोफेत 48 गोळे मावतात, म्हणजे पूर्ण वेगाने चार मिनिटांत तोफ भरली. या सगळ्यात जवानाला बाहेर पाऊल टाकावे लागत नाही. के-10 म्हणजे क्रेन, पट्टा आणि रोबो यांचा संगमच होय.

यारी आणि झोका

आपल्या दुष्काळी तालुक्यात यारी कोणाला माहीत नाही? विहीर खणताना काठावर यारी उभी करतात आणि तारदोराला टांगलेल्या टोपलीतून दगड वर काढतात. यारीवाल्याची खरी कसब कशात असते? टोपली उचलण्यात नव्हे, झोका आवरण्यात. टोपली वर आल्यावर यारी फिरवली की टोपली मागे राहते, मग पुढे झेपावते. नवखा माणूस असेल तर ती काठाला आपटते आणि दगड खालच्या माणसांवर पडतात.

क्रेनची सारी विद्या या झोक्यात आहे. दोर एक मीटर असेल तर एक झोका दोन सेकंदांचा. चार मीटर असेल तर चार सेकंदांचा आणि नऊ मीटर असेल तर सहा सेकंदांचा. वजन कमी-जास्त असले तरी झोक्याचा वेळ बदलत नाही. तो दोराच्या लांबीवर ठरतो. अनुभवी चालक हे डोळ्याने ओळखतो आणि झोक्याच्या तालावर यंत्र पुढे-मागे करून ओझे स्थिर करतो. रोबो-क्रेनमध्ये हेच काम संगणक करतो. दोराची लांबी, ओझ्याचा कोन व वेग मोजणारी उपकरणे क्षणाक्षणाला माहिती देतात. संगणक मोटारीला कधी जोर द्यायचा आणि कधी आवरायचे ते सांगतो. यारीवाल्याची तीस वर्षांची नजर त्या डबीत उतरवलेली असते, असे म्हणता येईल.

दुसरी युक्ती दोरांच्या संख्येची आहे. एका दोराला टांगलेली वस्तू झुलते आणि फिरतेही. अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेत 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून जेम्स अल्बस व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोबोक्रेन नावाची रचना विकसित केली. तिच्यात ओझे एका दोराला न टांगता सहा दोरांना तिरके टांगतात आणि प्रत्येक दोर संगणकाच्या हुकमाने स्वतंत्रपणे आखडतो किंवा सैल होतो. दोर ताठ राहिले की ओझे जणू हवेत चिमट्यात धरलेले. ते वर-खाली, पुढे-मागे, डावी-उजवीकडे तर जातेच. शिवाय हवे तसे कलते आणि वळते. बाजेचा एक कोपरा उचलायला चार माणसे कशी एकमेकांकडे पाहून हालचाल करतात, तसे ते सहा दोर एकमेकांशी बोलत असतात.

पुलगावचे दुःख

काही लोक म्हणतील, आपल्या देशात माणसे भरपूर आहेत, रोबो कशाला? त्यांनी आपल्याच राज्यातले वर्धा जिल्ह्यातील पुलगाव आठवावे. तेथील मध्यवर्ती दारूगोळा भांडार हे देशातल्या सर्वांत मोठ्या भांडारांपैकी एक. 31 मे 2016 च्या पहाटे तेथे आग लागून स्फोट झाले. दोन अधिकाऱ्यांसह डझनाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत आग विझवण्यासाठी धावलेले अग्निशामक कर्मचारी मोठ्या संख्येने होते. पुढे 20 नोव्हेंबर 2018 रोजी त्याच परिसरात मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानावर स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांत आसपासच्या गावांतले रोजंदारीवर आलेले मजूर होते. सकाळी डबा घेऊन घरून निघालेली माणसे ती.

आपल्याकडे गाठ पडली तर बोट जाते. तेथे पेटी पडली तर गाव हादरते. म्हणून रोबो-क्रेनचा पहिला उपयोग वेग वाढवण्यासाठी नव्हे, माणूस आणि दारूगोळा यांच्यात अंतर ठेवण्यासाठी व्हावा, असे मला वाटते. पुण्याजवळ दिघी येथील संरक्षण संशोधन संस्थेने दक्ष नावाचा दूरनियंत्रित रोबो बनवला, तो याच विचारातून. बॉम्बजवळ माणसाऐवजी यंत्राचा हात जातो आणि जवान पाचशे मीटरपर्यंतच्या अंतरावरून ते चालवू शकतो.

दारूगोळ्याची क्रेन मात्र साध्या क्रेनसारखी नसते. तिच्या मोटारीतून ठिणगी बाहेर पडता कामा नये. जमिनीशी जोडणी पक्की हवी, कारण साठलेली स्थिर वीजही घातक ठरते. नायलॉन-पॉलिस्टरचे कापड थंडीत चटचट आवाज करते हे आपण रोज पाहतो. तीच ही वीज. शिवाय विजेवर पेटणाऱ्या सुरुंगांजवळ जोरदार रेडिओ लहरीही धोक्याच्या असतात, त्यामुळे बिनतारी नियंत्रण वापरताना अंतराचे नियम पाळावे लागतात. अशा बारकाव्यांमुळेच हे काम महाग आहे आणि म्हणूनच ते शिकलेल्या माणसाला किंमत आहे.

आता कापडवाल्याची गोष्ट

क्रेन कितीही शहाणी असली तरी आकडा आणि ओझे यांच्यामध्ये जे असते, ते आजही पुष्कळदा विणलेले कापडच असते. पॉलिस्टरचा पट्टा. तोफेच्या नळीला किंवा रॉकेटच्या रंगवलेल्या अंगाला साखळीने ओरखडा पडतो, पट्ट्याने पडत नाही. चाचांच्या अपघातानंतर मी जे शिकलो ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून देतो.

पट्ट्याचा रंग उगाच नसतो. युरोपीय मानकाप्रमाणे जांभळा 1 टन, हिरवा 2 टन, पिवळा 3 टन, करडा 4 टन, लाल 5 टन, तपकिरी 6 टन, निळा 8 टन आणि नारिंगी 10 टन. चांगला पट्टा लिहिलेल्या वजनाच्या सातपट ताणाला तुटावा, असे हे मानक सांगते. ही सातपट सूट धार, झिजणे आणि झटका यांच्यासाठी आहे. सात टन उचलण्यासाठी नव्हे.

दोन पट्ट्यांनी ओझे उचलताना त्यांच्यातला कोन पाहावा. पट्टे जवळजवळ सरळ असतील तर प्रत्येकावर निम्मे वजन येते. पण ते पसरून त्यांच्यात 120 अंशांचा कोन झाला तर प्रत्येक पट्ट्यावर पूर्ण वजन येते. फास घालून उचलले तर पट्ट्याची ताकद सुमारे वीस टक्क्यांनी घटते. धारेवर पट्टा घालायचाच असेल तर मधे जाड रबर किंवा खास आवरण घालावे. माझ्या जनरेटरला तेच नव्हते. पॉलिस्टर आम्ल सोसते, पण क्षाराने खराब होते; नायलॉनचे उलटे. दोन्ही उन्हात पडून राहिले की कमजोर होतात. आणि चिठ्ठी निघून गेलेला पट्टा हा पट्टा नव्हे, चिंधी समजावी. 1948 च्या कारखाना कायद्याने उचलण्याची यंत्रे, साखळ्या व दोर यांची किमान वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासणी बंधनकारक केली होती. हा नियम कारखान्यांसाठी होता, परंतु दुकानदाराने आणि गोदामवाल्यानेही तो आपल्याला लागू आहे असे धरून चालावे.

असे पट्टे, ताडपत्र्या, जाळ्या, पॅराशूटचे कापड, दोर या साऱ्याला तांत्रिक वस्त्रे म्हणतात. केंद्र सरकारने 2020 साली यासाठी 1,480 कोटी रुपयांची राष्ट्रीय मोहीम मंजूर केली. आपल्या समाजातील कितीतरी घरे मालेगाव, भिवंडीच्या मागावर जगतात. साडी-लुंगीच्या कापडात दर मीटरमागे पैशांची घासाघीस चालते. पट्ट्याच्या विणीत घासाघीस कमी आणि जबाबदारी जास्त. जुन्या मागावर हे काम होणार नाही. अरुंद पट्टीचे खास माग, उच्च ताकदीचा धागा आणि ताण तपासणारे यंत्र लागते. एकट्याला परवडत नसेल तर चार जणांनी मिळून करावे.

पारनेरच्या पदरात काय?

आपला जिल्हा लष्कराला परका नाही. नगरला रणगाडा दलाचे केंद्र व प्रशालेचे मोठे ठाणे आहे. रणगाड्यांचे संग्रहालय आहे. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई ही संस्था नगरलाच आहे आणि ट्रकवर बसवलेल्या 155 मि.मी. तोफेचे काम तिने केले आहे. के. के. रेंजवर सराव सुरू झाला की आपल्या तालुक्याच्या उत्तरेकडील गावांत पत्रे थरथरतात. या रेंजसाठी जमिनी जाण्याची टांगती तलवार पारनेर, नगर आणि राहुरी तालुक्यांतील गावांवर वर्षानुवर्षे राहिली. 2020 साली त्यावरून मोठी खळबळ उडाली होती. म्हणजे आवाज आमचा, चिंता आमची. मग कामही थोडे आमच्या वाट्याला का येऊ नये?

पुणे-नगर रस्त्यावर सुपे औद्योगिक वसाहत आपल्याच तालुक्यात आहे. पूर्ण क्रेन बनवणे मोठ्या कंपन्यांचे काम. पण एक क्रेन उघडून पाहिली तर तिच्यात हायड्रॉलिक सिलिंडर, होज पाईप, व्हॉल्व्ह, पिना, बुश, ब्रॅकेट, केबल, पट्टे, शॅकल असे शेकडो भाग असतात. यातले बरेच लहान वर्कशॉपच्या आवाक्यातले आहेत. त्यासाठी काही दरवाजे उघडे आहेत. केंद्र सरकारच्या खात्यांनी व उपक्रमांनी वार्षिक खरेदीच्या 25 टक्के माल सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा असे धोरण आहे. संरक्षण खात्याच्या सृजन या पोर्टलवर परदेशातून येणाऱ्या, पण देशात बनवता येतील अशा भागांची यादी असते. आयुधनिर्माणींच्या 2021 साली सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांतली दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया ही पुण्यात आहे, तर पॅराशूटची ग्लायडर्स इंडिया कानपूरला. उद्यम नोंदणी आणि जेम पोर्टलवरची नोंदणी या पहिल्या दोन पायऱ्या आहेत.

मात्र एक इशारा. सरकारी ऑर्डर मिळाली म्हणून कर्ज काढून मोठे शेड बांधू नये. पहिल्या नमुन्यापासून मंजुरीपर्यंत खूप वेळ जाऊ शकतो. कायद्याने लहान उद्योगाला 45 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, पण हातात भांडवल नसेल तर कायदा वाचून पगार होत नाहीत. आधी खाजगी कारखान्यांचे काम धरावे, दर्जाची सवय लावावी आणि मग लष्कराकडे वळावे. कापडातही आपण आधी उधारी कोणाची बुडते ते पाहतो, मग गाठ सोडतो.

हमालांचे काय?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. महाराष्ट्राने 1969 साली माथाडी कायदा केला. पाठीवर ओझे वाहणाऱ्याला नोंदणी, ठरलेली मजुरी आणि संरक्षण देण्याचा तो मोठा प्रयत्न होता. आता यंत्र आले तर ती पाठ मोकळी होईल. पण हात रिकामा राहिला तर काय करायचे?

केरळातील विळिंजम बंदराचे उदाहरण येथे उपयोगी आहे. जुलै 2024 मध्ये तेथे पहिले मोठे मालवाहू जहाज लागले आणि 2 मे 2025 रोजी बंदराचे रीतसर उद्‌घाटन झाले. तेथील क्रेन दूर नियंत्रण कक्षात बसून चालवल्या जातात आणि त्या चालवणाऱ्यांत मच्छीमार वस्तीतल्या स्थानिक मुली आहेत. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या जाळे ओढले, त्या घरातली मुलगी आज पडद्यापुढे बसून कंटेनर उचलते. यंत्राने काम नेले नाही, जागा बदलली. पण ती आपोआप बदलली नाही. त्यांना शिकवले गेले, म्हणून बदलली.

आपल्याकडे दहावीनंतर मुलगा दुकानावर बसतो किंवा मिळेल त्या गाडीवर जातो. उर्दू माध्यमातून शिकलेल्यांना तांत्रिक शब्दांची धास्ती वाटते, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो. परंतु फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, हायड्रॉलिक्स यांची भाषा हाताची आहे. ती कोणत्याही माध्यमाच्या मुलाला येते. आयटीआयचा दाखला आणि क्रेन चालवण्याचे रीतसर प्रशिक्षण यांवर घरचे थोडे पैसे खर्च झाले तर ते लग्नाच्या मंडपावर खर्च झालेल्या पैशांपेक्षा जास्त दिवस टिकतील.

हमाल चाचा आता माझ्याकडेच असतात. ओझे उचलत नाहीत. गोदामात कोणतीही गाडी लागली की आधी पट्टा मागून घेतात, चिठ्ठी पाहतात, बोटाने कडा चाचपतात, कुठे धागा उसवला आहे का ते बघतात आणि मगच मान हलवतात. दोन गाड्यावाले त्यांच्यावर चिडून गेले, तरी मी चाचांना थांबवले नाही. त्यांचा नातू नगरच्या आयटीआयमध्ये फिटरच्या पहिल्या वर्षाला आहे. त्याची फी मी भरतो. ती मदत नव्हे, माझ्याकडून राहिलेली बाकी आहे.